डाव्या हाताचा नेम

आपल्या खान्देशात नेम हा शब्द निघाला की आधी सातपुड्यातला तीरकामठा आठवतो. त्याच्या मागोमाग एकलव्य येतो. गुरुदक्षिणा म्हणून उजव्या हाताचा अंगठा कापून देणारा हा धनुर्धर भिल्ल समाजाला आजही आपला वाटतो. सातपुड्यातले जुने तिरंदाज अंगठा न लावता बोटांनीच बाण सोडतात, ते त्याच्या आठवणीनं, असंही सांगितलं जातं. महाभारतातल्या कथेत एकलव्य अंगठा गेल्यावर उरलेल्या बोटांनी बाण मारायला लागला, पण त्याची पहिली चपळाई मात्र परत आली नाही.

विसाव्या शतकात एका माणसाचा अंगठाच काय, उजवा पंजाच निकामी झाला. त्याचा खेळ असा होता की त्यात नुसता नेम धरून चालत नाही, चपळाईही लागते. आणि या माणसाची चपळाई परत आली. त्याचं नाव कारोय ताकाच. प्रेरणादायी भाषणांत आणि मोबाईलवर फिरणाऱ्या मेसेजमध्ये तुम्ही हे नाव कॅरोली टकाक्स असं ऐकलं असेल. हंगेरीचे लोक ते कारोय ताकाच असं म्हणतात. तिथंही आपल्यासारखंच आडनाव महत्त्वाचं, ते तर आडनाव आधी लावतात आणि नाव मागून.

मेसेजमधली गोष्ट साधारण अशी असते. एक मोठा नेमबाज होता, त्याचा हात गेला, त्यानं हार मानली नाही, दुसऱ्या हातानं सुवर्णपदक जिंकलं, म्हणून तुम्हीही हार मानू नका. गोष्ट खोटी नाही. पण मधला सगळा भाग त्यात गाळलेला असतो, आणि आपल्या कामाचा तोच भाग आहे. इंजिनिअरिंगच्या पोरांनी तरी, एखादं यंत्र एका बाजूनं बंद पडलं आणि दुसऱ्या बाजूनं पुन्हा चालू झालं, तर ते कसं झालं हे विचारलंच पाहिजे.

ताकाचचा जन्म 21 जानेवारी 1910 रोजी बुडापेस्टला झाला. तरुणपणी तो हंगेरीच्या लष्करात भरती झाला. पिस्तुलाच्या नेमबाजीत त्याचा हात इतका बसला की 1936 पर्यंत त्याची गणना जगातल्या चांगल्या नेमबाजांत होऊ लागली. त्या वर्षी बर्लिनला ऑलिंपिक होतं. पण ताकाच सार्जंट होता, आणि हंगेरीच्या लष्करात तेव्हा नियम असा होता की ऑलिंपिक संघात फक्त कमिशन मिळालेले अधिकारीच जातील. नेम कितीही चांगला असला तरी खांद्यावर हुद्दा नाही म्हणून त्याला घरी बसावं लागलं. पुढे तो नियम उठला आणि 1940 च्या ऑलिंपिकची आशा धरून ताकाच पुन्हा कामाला लागला.

1938 साली लष्कराच्या सरावात एक सदोष हातबॉम्ब त्याच्या उजव्या हातातच फुटला. पिस्तूल धरायचा तो हाच हात. साधारण महिनाभर तो दवाखान्यात होता. तिथून बाहेर आला तेव्हा वय 28, आणि ज्या हातावर सगळी कमाई होती तो हात गेलेला.

इथं आपण जरा थांबू आणि पिस्तुलाच्या नेमबाजीत हाताचं काम नेमकं काय असतं ते बघू. कारण बहुतेकांची समजूत अशी असते की ज्याचा हात हलत नाही तो चांगला नेमबाज. एनसीसीच्या कॅम्पात ज्यांनी पॉइंट टू-टू रायफल चालवली आहे त्यांना ठाऊक आहे की रायफलीला निदान खांद्याचा आणि दोन्ही हातांचा आधार असतो, आडवं पडून मारायची असेल तर जमिनीचाही. स्पर्धेतलं पिस्तूल मात्र उभं राहून, एकाच हातात, हात पूर्ण लांब करून धरायचं असतं. दुसरा हात खिशात किंवा कमरेच्या पट्ट्यात. किलो-सव्वा किलो वजन असं धरलं की हात हलणारच. श्वासानं हलतो, छातीच्या ठोक्यानं हलतो. ऑलिंपिक विजेत्याचाही हलतो.

मग गोळी मध्यावर जाते कशी? याचं उत्तर भूमितीत आहे. पिस्तुलाच्या पुढच्या टोकाला एक उभा खुंट असतो, त्याला आपल्याकडे माशी म्हणतात. मागच्या बाजूला एक खाच असते. खाचेच्या बरोबर मध्ये माशी दिसली पाहिजे, दोन्हींची वरची कड एका रेषेत पाहिजे आणि दोन्ही बाजूंना सारखा उजेड दिसला पाहिजे. 25 मीटरच्या पिस्तुलात माशी आणि खाच यांच्यातलं अंतर जास्तीत जास्त 220 मिलिमीटर ठेवता येतं.

आता दोन प्रकारच्या चुका बघा. समजा माशी आणि खाच नीट जुळलेली आहेत, पण सगळं पिस्तूल हातासकट 5 मिलिमीटर डावीकडे सरकलं. नळी समांतर सरकली, म्हणून गोळीही फक्त 5 मिलिमीटरच डावीकडे लागेल. दुसरी चूक अशी की हात जागेवर आहे, पण माशी खाचेच्या मध्यापासून फक्त 1 मिलिमीटर सरकली. ही कोनाची चूक झाली. समरूप त्रिकोण मांडा. 220 मिलिमीटरला 1 मिलिमीटर, तर 25,000 मिलिमीटरला किती? साधारण 114 मिलिमीटर. म्हणजे गोळी जवळजवळ साडेअकरा सेंटिमीटर बाहेर. आजच्या रॅपिड फायर पिस्तुलाच्या लक्ष्यावर दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यासच 10 सेंटिमीटर असतो.

म्हणून नेमबाजीचे कोच नवीन पोरांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगतात. लक्ष्याकडे टक लावून बघू नका, माशीकडे बघा. डोळ्याला एका वेळी एकाच अंतरावरची गोष्ट स्पष्ट दिसते. माशी स्पष्ट आणि लक्ष्य अंधुक असलं तर चालतं, उलटं असेल तर चालत नाही. हात थोडा डुलला तर डुलू द्या, जुळणी मोडू देऊ नका.

आणि ही जुळणी मोडतं कोण? बहुतेक वेळा आपलंच बोट. माशी बरोबर मध्यावर आलेली दिसली की मन म्हणतं आत्ताच मार, आणि बोट चाप एकदम ओढतं. त्या झटक्यानं मनगट वळतं आणि गोळी सुटायच्या आधीच नळीचं तोंड खाली जातं. उजव्या हाताच्या नेमबाजानं चापाला असा हिसका दिला की गोळी बहुतेक करून खाली डावीकडे लागते. चाप सरळ मागे, हळूहळू वाढत्या दाबानं ओढायचा, इतका की गोळी नेमकी कोणत्या क्षणी सुटली याचं आपल्यालाच थोडं आश्चर्य वाटावं. गोळी सुटल्यावरही क्षणभर हात तसाच ठेवायचा. गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत पिस्तूल आपल्याच हातात असतं, त्यामुळे लगेच हात सोडून निकाल बघायला मान उंचावणारा नेमबाज फसतो.

आता पुन्हा ताकाचकडे येऊ. त्याचा उजवा हात गेला, पण वर सांगितलेल्यापैकी किती गोष्टी गेल्या? माशी कशी दिसली पाहिजे हे डोळ्याला माहीत होतं. श्वास कधी रोखायचा, घाई झाली की काय होतं, हे डोक्याला माहीत होतं. स्पर्धेचा ताण कसा येतो तेही माहीत होतं. ही सगळी शिल्लक जमा होती. गेलं होतं ते हाताचं आणि बोटाचं वळण.

अर्थात ते वळण ही काही लहानसहान गोष्ट नाही. पंक्तीत डाव्या हातानं वरण-भात खाऊन बघा, किंवा ड्रॉइंगच्या शीटवर डाव्या हातानं एक सरळ रेष मारून बघा. स्पर्धेच्या पिस्तुलाची लाकडी मूठ हाताच्या आकाराप्रमाणे कोरलेली असते, उजव्या हाताची डाव्याला चालत नाही. उभं राहायची दिशा बदलते, अंगाचा तोल बदलतो. सगळ्या चुका आरशातल्यासारख्या उलट होतात. पूर्वी चापाला हिसका बसला की गोळी खाली डावीकडे जायची, आता ती खाली उजवीकडे जाते. म्हणजे गोळी कुठं लागली यावरून आपलं काय चुकलं हे ओळखायची जी सवय इतक्या वर्षांत लागली, तीही उलटी करून घ्यावी लागते. शिवाय हात बदलला तरी डोळा बदलत नाही. ज्याचा उजवा डोळा प्रबळ आहे त्यानं पिस्तूल डाव्या हातात घेतलं की मान आणि खांदा यांचा कोन पुन्हा बसवावा लागतो.

ताकाच दवाखान्यातून आला आणि कुणाला न सांगता डाव्या हातानं सरावाला लागला. 1939 च्या वसंतात हंगेरीची राष्ट्रीय पिस्तूल स्पर्धा होती. तो तिथं आलेला पाहून जुन्या सोबत्यांना वाटलं, बिचारा बघायला आला असेल. त्यांनी जवळ येऊन त्याच्या अपघाताबद्दल हळहळ व्यक्त केली. त्यानं त्यांना सांगितलं की तो बघायला आलेला नाही, खेळायला आला आहे. आणि ती स्पर्धा त्यानं जिंकली. त्याच वर्षी स्वित्झर्लंडमधल्या लुसर्नला झालेल्या जागतिक स्पर्धेत पिस्तुलाच्या सांघिक प्रकारात हंगेरीला सुवर्ण मिळालं, त्या संघातही तो होता.

मेसेजवाल्या गोष्टी इथून थेट सुवर्णपदकावर उडी मारतात. प्रत्यक्षात 1939 मध्ये दुसरं महायुद्ध सुरू झालं. 1940 चं ऑलिंपिक रद्द झालं. 1944 चंही झालं नाही. हात गेल्यापासून पहिलं ऑलिंपिक मिळायला दहा वर्षं गेली. बर्लिनला हुकलेली संधी धरली तर बारा. त्यात देश युद्धात होरपळला, बुडापेस्ट शहर वेढ्यात सापडलं. आपल्याकडे एक वायडी लागली तर होस्टेलच्या गच्चीवर जाऊन आयुष्य संपलं म्हणणारे काही कमी नाहीत. त्यांनी ही वर्षं एकदा बोटांवर मोजावीत.

1948 साली लंडनला ऑलिंपिक भरलं तेव्हा ताकाच 38 वर्षांचा होता. त्याचा प्रकार होता 25 मीटर रॅपिड फायर पिस्तूल. या प्रकारात लक्ष्यं एक नाही, पाच असतात, शेजारी शेजारी. आजच्या नियमांप्रमाणे त्यांच्या मध्यांतलं अंतर 75 सेंटिमीटर असतं. हात खाली 45 अंशात धरून उभं राहायचं, इशारा झाला की हात वर आणायचा आणि पाचही लक्ष्यांवर एकेक गोळी मारायची. आधी 8 सेकंदांत, मग 6 सेकंदांत आणि शेवटी 4 सेकंदांत. चार सेकंदांत हात उचलणं, पहिली गोळी, झटका सावरणं, पुढच्या लक्ष्यावर जाणं, माशी पुन्हा जुळवणं, चाप ओढणं, असं पाच वेळा. विचार करायला सवड नसते. जे सरावात मुरलं आहे तेवढंच बाहेर येतं.

त्या वेळचा जगज्जेता होता अर्जेंटिनाचा कार्लोस एन्रिके दियाझ साएन्झ व्हॅलिएन्ते. सगळे त्यालाच विजेता धरून चालले होते. स्पर्धेआधी त्यानं ताकाचला विचारलं की तू लंडनला कशासाठी आलास. ताकाचनं सांगितलं, शिकायला आलो आहे. स्पर्धा झाली. ताकाचचे 600 पैकी 580 गुण झाले, नवा जागतिक विक्रम. जगज्जेत्याचे 571, तो दुसरा. स्वीडनचा स्वेन लुंडक्विस्ट 569 गुणांवर तिसरा. पदकं देताना जगज्जेत्यानं मोठ्या मनानं ताकाचला सांगितलं की तू पुरेसं शिकला आहेस. हरलेल्या माणसानं इतकं खिलाडूपणे बोलावं, हेही त्या स्पर्धेतलं एक पदकच समजा.

लंडनच्या याच ऑलिंपिकमध्ये आपल्या कराडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव कुस्तीत सहावे आले होते. चार वर्षांनी हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून रक्कम उभी केली. 1952 ला हेलसिंकीत खाशाबांनी कांस्यपदक मिळवलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ताकाचही तिथं होता. दोघांची ओळख झाली असेल-नसेल, पण लंडन आणि हेलसिंकी ही दोन्ही गावं दोघांच्याही आयुष्यात सारखीच मोठी ठरली.

हेलसिंकीत ताकाच 42 वर्षांचा होता. त्यानं 579 गुण मिळवून पुन्हा सुवर्ण जिंकलं. या प्रकारात लागोपाठ दोन ऑलिंपिक सुवर्णं राखणारा तो पहिला. पण माझ्या मते त्या दिवसाची खरी गंमत दुसऱ्या क्रमांकात आहे. रौप्यपदक मिळालं हंगेरीच्याच सिलार्ड कूनला, 578 गुणांवर. फक्त एका गुणाचा फरक. कून तेव्हा जेमतेम 17 वर्षांचा पोरगा होता, आणि त्याला शिकवणारा होता स्वतः ताकाच. तिसरा आलेला रोमानियाचा नेमबाजही 578 वरच होता.

आपल्याला येतं ते दुसऱ्याला इतकं शिकवायचं की तो आपल्यापासून एका गुणावर येऊन उभा राहावा, याला मन मोठं लागतं. पण त्यात एक तांत्रिक गोष्टही आहे. जो जन्मतः चांगला नेमबाज असतो त्याला बरेचदा आपण काय करतो ते सांगता येत नाही, हात आपोआप करत असतो. ताकाचला सगळं पायापासून दोनदा शिकावं लागलं होतं. प्रत्येक हालचाल सुटी करून, तपासून, पुन्हा जोडावी लागली होती. वर्कशॉपमध्ये ज्यानं लेथ मशीन एकदा पूर्ण खोलून परत बसवलं आहे, तोच नवीन मुलांना ते नीट समजावू शकतो, तसंच हे.

1956 ला मेलबर्नला तो तिसऱ्यांदा ऑलिंपिकला उतरला. वय 46. या वेळी आठवा आला. हॅटट्रिक झाली नाही. मेसेजमध्ये हे सहसा नसतं, पण असायला हवं. तो पदकासाठीच खेळत असता तर हेलसिंकीनंतर थांबला असता. पुढे तो कोच म्हणून काम करत राहिला. त्याच्या नावावर हंगेरीची 35 राष्ट्रीय विजेतेपदं आहेत. 5 जानेवारी 1976 रोजी, 66 वा वाढदिवस दोन आठवड्यांवर असताना, त्याचं निधन झालं.

शारीरिक अपंगत्व घेऊन ऑलिंपिक खेळलेला तो पहिला नव्हता, हेही सांगायला हवं. 1904 ला जॉर्ज आयझर या जिमनॅस्टनं लाकडी पायावर पदकं मिळवली होती, आणि हंगेरीचाच ऑलिव्हर हालाशी एक पाय घोट्याच्या वर कापलेला असताना 1932 आणि 1936 ला वॉटर पोलोच्या सुवर्णविजेत्या संघात होता. हे सांगितल्यानं ताकाच लहान होत नाही. उलट चमत्कार म्हणून बाजूला ठेवायची आपली सवय जरा मोडते.

ताकाचच्या प्रकारात 2012 साली लंडनलाच आपल्या विजय कुमारनं रौप्यपदक जिंकलं. कोल्हापूरच्या राही सरनोबतनं हाताच्या दुखापतीतून परत येऊन 2018 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण घेतलं. कोल्हापूर जिल्ह्यातल्याच कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं 2024 ला पॅरिसमध्ये रायफलीत कांस्य मिळवलं. जळगाव-धुळ्याकडून असं नाव अजून यायचं आहे. दहा मीटरची एअर पिस्तूल रेंज एका लांब हॉलमध्येही बसते, त्यामुळे ते यायला काही हरकत नाही. मात्र शिकायचं ते कोचच्या हाताखाली आणि रेंजवरच. नळीचं तोंड नेहमी लक्ष्याकडे, आणि नेम धरेपर्यंत बोट चापाच्या बाहेर. ज्याची गोष्ट आपण वाचली त्याचा हात एका सदोष हत्यारानंच नेला होता, हे विसरू नका.

मेट्रॉलॉजीच्या प्रॅक्टिकलमध्ये आपण अचूकता आणि सुसंगती यातला फरक शिकतो. नेमबाजीत तोच फरक कागदावर दिसतो. दहा गोळ्या एकाच जागी पण मध्यापासून दूर लागल्या, तर नेमबाज खूश होतो, कारण मग फक्त साईटचा स्क्रू फिरवायचा असतो. गोळ्या कागदभर विखुरल्या तर स्क्रू फिरवून उपयोग नाही, पद्धतच सुधारावी लागते. अभ्यासाचंही असंच आहे. एका पेपरात दोन मार्कांनी राहिलेला आणि रोज वेगळ्या वेळी, वेगळ्या पुस्तकातून, वेगळ्या मूडमध्ये अभ्यास करणारा, या दोघांचा आजार वेगळा, म्हणून औषधही वेगळं.

ताकाचचा उजवा हात गेला तेव्हा त्याच्याकडे पद्धत उरली होती. हात बदलला, पद्धत तीच राहिली, आणि गोळ्या पुन्हा मध्यावर लागू लागल्या. म्हणून या सेमिस्टरला काही हुकलं असेल तर आधी आपला कागद नीट बघा. गोळ्या एका जागी आहेत की विखुरलेल्या, ते ठरवा. मग शांतपणे पुढच्या सरावाला लागा.